आवाजाला बाजू असते

लेकीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे आम्हाला एका फोनमुळे कळलं. तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. पेणहून माझ्या आईचा फोन आला. माझे हात पिठात होते, म्हणून मी लेकीला म्हटलं, “घे गं, आजीशी बोल.” तिच्या उजव्या हातात पेरूची फोड होती. तिने डाव्या हाताने फोन उचलून डाव्या कानाला लावला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “आई, आजी बोलतच नाहीये.” आजीचं ‘हॅलो, हॅलो, चिमणे’ मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. मी म्हटलं, “दुसऱ्या कानाला लाव बघू.” तिने लावला आणि तिचा चेहरा खुलला. “हां, आता चालू झाला!”

तिच्या लेखी फोन बिघडला होता. नाकाने बघायचं नसतं, तसं डाव्या कानाने ऐकायचं नसतं, अशी तिची साधी समजूत होती.

आम्ही अष्टमीत राहतो. कुंडलिकेच्या या तीरावर अष्टमी, पलीकडे रोहा. नगरपरिषद दोघांची एकच. हे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जातात. लेक आता नऊ वर्षांची आहे. चौथी संपली, जूनमध्ये ती पूल ओलांडून रोह्याच्या शाळेत पाचवीला जाणार होती. नवी शाळा, नवे शिक्षक, नव्या मैत्रिणी. त्यांना सांगायचं की नाही, यावर मे महिनाभर आमचं बोलणं चाललं होतं. शेवटचं आणि सगळ्यांत लांबलेलं बोलणं एका संध्याकाळी नदीकाठी झालं. लेक थोडी पुढे चुलतभावाबरोबर सायकल फिरवत होती. ते बोलणं आठवतं तसं इथे लिहिते आहे. ह्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, तरी ते पुरतं मांडायचा प्रयत्न केला आहे. अशा प्रत्येक घरात या दोन्ही बाजू असतात, आणि दोन्ही मायेपोटीच असतात.

बाबा : मला विचारशील तर शाळेत काही सांगू नये. चार वर्षांत तिचं काय अडलं? वाचते छान, गणितात बरी आहे, लंगडीत सगळ्यांच्या पुढे. एका कानाने तिला नीट ऐकू येतं. एकदा सांगितलंस की ‘ती बहिरी मुलगी’ एवढीच तिची ओळख राहील. गाव लहान आहे. पुलाच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला आपल्याआधी पोचतं.

आई : अडलं नाही असं तुम्हाला वाटतं, कारण शाळेतून आलेली ती तुम्हाला दिसत नाही. दप्तर ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. जेवायला हाक मारली तरी अंगावर येते. मला आधी वाटायचं, हट्टीपणा. मग लक्षात आलं, पोरगी दमलेली असते. आपण वर्गात बसलो तर ऐकणं आपोआप होतं. तिला ते ओढून आणावं लागतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विहिरीतून पाणी शेंदायचं म्हटलं तर कोण दमणार नाही?

बाबा : दमतात सगळीच मुलं. आणि पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, आठव. एक कान शाबूत आहे, बोलणं स्वच्छ आहे, काळजीचं कारण नाही.

आई : आठवतं. ते ऐकून मी त्या रात्री शांत झोपले. पण वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत गेलो, तेव्हा तिथल्या मॅडमनी जे समजावलं तेही आठवतं. पहाटेच्या गाडीने दिव्याला, तिथून लोकलने दादर, मग वांद्रे. पोचेपर्यंत पोर पेंगुळली होती. त्या बंद खोलीत तिच्या कानांवर हेडफोन लावले. ‘टुंग’ असा आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. उजव्या कानाला ती भराभर मणी टाकत होती. डाव्याची पाळी आली तेव्हा त्यांनी उजव्या कानात पंख्यासारखा ‘फूस्स’ आवाज सोडला. नाहीतर चांगला कान वाईटाचं काम चोरून करतो आणि तपासणी फसते, म्हणाल्या. डाव्या कानाचा आवाज त्या वाढवत गेल्या, वाढवत गेल्या. तिच्या मुठीत मणी तसाच. ती माझ्याकडे बघून हसत होती, खेळ कधी सुरू होतोय म्हणून.

बाबा : मी काचेबाहेर उभा होतो. तो मणी मीही पाहिला.

आई : मग मॅडमनी कागदावर डोकं काढलं, दोन बाजूंना दोन कान. उजवीकडून आवाज आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात किंचित उशिरा. तो उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढाही मोजतो आणि सांगतो, आवाज कुठून आला. एकच कान असला तर मोजायला दुसरं टोकच नाही. आता इथेच बघा. अष्टमीच्या मशिदीतली अजान, पलीकडच्या देवळातली घंटा, दिव्याच्या गाडीची शिट्टी. आपण डोळे मिटले तरी प्रत्येक आवाजाकडे बोट करू. तिच्यासाठी हे सगळं एकाच बाजूला आहे, उजवीकडे.

बाबा : आवाज येतो हे महत्त्वाचं. कुठून येतो ते डोळ्यांनी बघता येतं.

आई : बघायला वेळ मिळाला तर. गल्लीच्या तोंडाशी डावीकडून मोटारसायकल आली आणि तिने उजवीकडे पाहिलं, तर? तुमच्याच धाटावच्या रस्त्यावर टँकरची रांग असते. तिला हॉर्न ऐकू येईल, पण कुठल्या बाजूला सरायचं ते कळणार नाही. शिवाय डोकं मध्ये भिंतीसारखं उभं राहतं. डावीकडून बोललेलं उजव्या कानापर्यंत वळसा घालून येताना त्यातले बारीक आवाज गळतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे असले. आणि वर्गात गलबला असला की उरलेलंही बुडतं. बाई म्हणतात ‘सहा’, ही लिहिते ‘दहा’. गणित बरोबर, उत्तर चूक. तुम्ही तिच्या वहीवरचे लाल शेरे वाचता का? ‘लक्ष देत नाही.’

बाबा : वाचले आहेत. बरं, मग कायद्याचं बघ. मी दिव्यांग दाखल्याची चौकशी केली होती, हे तुला सांगितलं नव्हतं.

आई : तुम्ही? दाखल्याची?

बाबा : केली होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर कोण? दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असलेला. कमी ऐकू येणारा कोण? दोन्ही कानांत ६० ते ७०. ‘दोन्ही’ हा शब्द दोन्हीकडे आहे. चौकशी केली तिथे मला टक्केवारीचं गणितही करून दाखवलं. चांगल्या कानाच्या दोषाला ५ने गुणायचं, त्यात वाईट कानाचा दोष मिळवायचा आणि ६ने भागायचं. तिचा उजवा कान शून्य, पाचने गुणलं तरी शून्यच. डावा पूर्ण गेलेला, शंभर. शंभर भागिले सहा म्हणजे १७च्याही आत. सवलतीला ४० लागतात. सरकारच म्हणतं की माझी मुलगी दिव्यांग नाही, मग आपण कशाला म्हणायचं?

आई : ते गणित पैसे आणि जागा वाटण्यासाठी आहे. ते कुठेतरी रेघ ओढणारच, ओढावीच लागते. पण ‘मदतीला पात्र नाही’ याचा अर्थ ‘गरज नाही’ असा होत नाही. उलट आमच्यासारख्यांची गोची तिथेच आहे. दोन्ही कान गेलेल्या मुलांसाठी शाळा आहेत, योजना आहेत, यंत्रं आहेत. एक कान गेलेली मुलगी ना इकडची ना तिकडची. तिच्यासाठी शब्दसुद्धा नाही. ‘बहिरी’ म्हणावं तर खोटं, ‘चांगली’ म्हणावं तर तेही खोटं.

बाबा : शब्द नाही तेच बरं. शब्द मिळाला की चिकटतो. उद्या लग्नाची वेळ येईल तेव्हा लोक तो बाहेर काढतील.

आई : नऊ वर्षांची आहे हो ती.

बाबा : बापाच्या डोक्यात हे येतं. तुझ्याही येतं, तू बोलत नाहीस इतकंच.

(यावर मी काही बोलले नाही, कारण ते खरं होतं. लेक सायकलवरून गर्रकन वळून आमच्याजवळून गेली. तिच्या भावाने मागून, डाव्या अंगाने काहीतरी ओरडून सांगितलं. ती सरळ पुढे गेली. तो वैतागला नाही. त्याने पायडल मारून तिला गाठलं, तिच्या उजवीकडे आला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला.)

आई : पाहिलंत? त्याला माहीत आहे, म्हणून तो बाजू बदलतो. नव्या वर्गातल्या मुली काय करतील? दोनदा हाक मारतील, तिसऱ्यांदा म्हणतील, भाव खाते. वांद्र्याच्या मॅडमनी एक अभ्यास सांगितला होता. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्रेड बेस आणि अ‍ॅन मरी थार्प यांनी १९८४ साली एका कानाने न ऐकणारी ६० मुलं तपासली. साधारण ३५ टक्के मुलं एखाद्या तरी इयत्तेत मागे राहिलेली निघाली. तोवर डॉक्टर आणि शिक्षक सगळे हेच म्हणत होते, की एक कान पुरे, पुढच्या बाकावर बसवा म्हणजे झालं.

बाबा : म्हणजे पासष्ट टक्के पुढे गेलीच की. आणि आकडा चाळीस वर्षांपूर्वीचा, परदेशातला.

आई : २०१०चाही आहे. सेंट लुईसच्या डॉ. ज्युडिथ ल्यू यांनी अशी मुलं आणि त्यांचीच भावंडं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. घर एक, आईबाप एक, जेवणखाण एक. तरी भाषेच्या चाचण्यांत एका कानाची मुलं सरासरीने मागे पडली. म्हणजे प्रश्न बुद्धीचा नाही आणि संस्कारांचाही नाही. जे कानावर पडायचं ते अर्धवट पडतं. आपलं मूल पासष्टांत आहे की पस्तिसांत, हे निकाल लागेपर्यंत बसून बघायचं का?

बाबा : तुझं हेच मला पटत नाही. तू आकडे वाचतेस आणि मग पोरीकडे त्या आकड्यांतून बघतेस. एखादा शब्द चुकला की तुझ्या कपाळावर आठी येते. ती ते बघते. तिला वाटणार, माझ्यात काहीतरी मोडलंय. वॉशिंग्टन सुंदर बघ. एका कानाने ऐकू येत नाही. २०२१च्या जानेवारीत ब्रिस्बेनला पहिला कसोटी सामना खेळला. पहिल्याच डावात ६२ काढल्या, पालघरच्या शार्दूल ठाकूरबरोबर १२३ची भागी केली आणि भारत तो सामना जिंकला. त्याच्या आईबापांनी त्याला घरात बसवलं असतं तर?

आई : घरात बसवा असं मी कधी म्हटलं? आणि तुम्ही उदाहरण दिलंत ते माझ्या बाजूचं आहे. आपल्याला हे कळलं कसं? त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं म्हणून. क्षेत्ररक्षण करताना सोबत्यांना अडचण येते, पण त्यांना हे ठाऊक आहे आणि ते सांभाळून घेतात, हेही त्यानेच सांगितलं. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघे धावतात, तेव्हा ‘माझा’ ही आरोळी कुठून आली हे कळलं नाही तर डोकी आपटतात. संघाला माहीत असल्याने तो खेळू शकतो.

(हे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. ओहोटी लागली होती, काठाचा चिखल उघडा पडत होता.)

बाबा : सगळ्यांनी सांभाळून घ्यावं लागतं असं नाही. ती स्वतः शिकते. गेल्या वर्षी गणपतीआधी तुझ्या माहेरी गेलो होतो. दादाच्या कारखान्यात मूर्तींना रंग मारायचं काम जोरात होतं, कॉम्प्रेसर धडधडत होता. मला दादाचं बोलणं ऐकू येईना. ही मात्र मजेत गप्पा मारत होती. मी नीट पाहिलं तेव्हा समजलं. डावा कान तिने कॉम्प्रेसरकडे केला होता आणि उजवा मामाकडे. मामा उठून दुसऱ्या बाजूला गेला, तर ही म्हणाली, “मामा, तू या बाजूला ये ना.” कुणी शिकवलं? रात्री फटाके वाजले की उजव्या कुशीवर वळते, चांगला कान उशीत दाबते आणि झोपते. आपण जागे राहतो.

आई : हे तुम्ही मला आज सांगताय.

बाबा : सांगण्यासारखं वाटलं नाही. कौतुक वाटलं, मनात ठेवलं.

आई : मग मीही एक मनात ठेवलेलं सांगते. दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला गेलो होतो, तुमची दुसरी पाळी होती त्या वर्षी. ढोल, खालूबाजा, माणसांचा लोट. माझ्या हातातून तिचा हात सुटला. दहा-बारा पावलांवर मला तिची लाल ओढणी दिसत होती. मी हाका मारत होते. ती थांबली, तिने मान वळवली, पण माझ्याकडे नाही. ती उजवीकडे वळली आणि चालायला लागली, माझ्यापासून लांब. मी जितक्या मोठ्याने हाका मारत होते तितकी ती लांब जात होती. लोकांना ढकलून मी तिला धरलं तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती. गोंधळली होती. मी ओरडले, “हाक ऐकू येत नव्हती का?” तर म्हणाली, “येत होती. पण ती सगळीकडून येत होती.”

(हे काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले.)

बाबा : आणि सांगायला हवं म्हणणारी तू, हे मला दोन वर्षं सांगितलं नाहीस.

आई : नाही सांगितलं. हात माझ्या हातून सुटला होता ना. तसंही तिच्या कानाचा विषय निघाला की मला पहिलं ते गालगुंड आठवतं. चार वर्षांची असताना झालं होतं. गाल सुजले, ताप आला, आठ दिवसांत गेलं. वेखंडाचा लेप लावला, गरम मिठाने शेकलं. गालगुंडाने एक कान कायमचा जाऊ शकतो, हे कुणाला माहीत? सरकारी लसी मी एकही चुकवली नव्हती. पण त्यात गोवर आणि रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते. ती एमएमआरमध्ये असते, खासगीत घ्यावी लागते. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाबा : गालगुंडानेच गेला असं डॉक्टरही खात्रीने म्हणाले नाहीत. जन्मतःही असेल. जन्मल्यावर तिच्या कानांची तपासणीच झाली नव्हती, मग आता कसं कळणार? ते ओझं तू टाकून दे. माझं तरी खरं आहे.

आई : तुमचं कसलं?

बाबा : फोनच्या आधीची गोष्ट. बाजारात ती माझ्या पुढे चालत होती. डावीकडून स्कूटर येत होती. मी मागून ओरडलो, थांब! ती चालतच राहिली. स्कूटरवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. मी धावत जाऊन तिला चापट मारली, चारचौघांत. “सांगितलेलं ऐकत नाहीस?” ती गालाला हात लावून म्हणाली, “बाबा, तुम्ही कधी सांगितलंत?” मला वाटलं, उलट बोलते, म्हणून आणखी एक मारली. नंतर त्या बंद खोलीत तिच्या मुठीतला मणी पाहिला तेव्हा मला ते वाक्य परत ऐकू आलं. शाळेत जाऊन सांगायचं म्हटलं की मला ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल असं वाटतं.

(अंधार पडायला लागला होता. पुलावरचे दिवे लागले. खूप वेळाने मीच बोलले.)

आई : शाळेला चापटीचं सांगायचं नाही, गालगुंडाचंही नाही. ते आपलं आपल्याकडे. शाळेला लागतं तेवढंच सांगायचं. फळ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताच्या भिंतीकडचा बाक, दुसऱ्या रांगेत. म्हणजे बहिरा कान भिंतीकडे, चांगला कान वर्गाकडे आणि बाईंकडे. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मला तुम्हीच शिकवलंत.

बाबा : ते मोकळ्या मैदानात. खोलीत भिंतींवरून परततो थोडा, पण पुढचा बाक बराच. आणि रोह्याचा पाऊस विसरू नकोस. चार महिने पत्र्यावर जो ताशा वाजतो, त्यात माझ्यासारख्या दोन कानांच्या माणसाला शेजारचं ऐकू येत नाही. बाईंनी पाऊस असताना फळ्यावर लिहावं, एवढं सांग.

आई : आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. तिला ओठ दिसले की निम्मं काम होतं. श्रुतलेखन घेताना तिच्या बाजूला उभं राहावं. हाक मारताना नाव घ्यावं आणि हात वर करावा, म्हणजे बघायचं कुठे ते कळेल.

बाबा : त्या माईकचं काय? बाईंच्या गळ्यात माईक आणि हिच्या कानात यंत्र. ते मला अजून नको वाटतं. वर्गात एकटीच्याच कानात काहीतरी असणार.

आई : ते तिला विचारू. डाव्या कानावरचा आवाज उजव्यात आणून सोडणारं यंत्र वांद्र्याला लावून पाहिलं होतं, तेव्हा तिने पाच मिनिटांत काढून ठेवलं. सगळा गोंगाट चांगल्या कानात येतो म्हणाली. मॅडमनीही जबरदस्ती केली नाही. त्या यंत्राने दिशा कळत नाहीच, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

बाबा : आणि ऑपरेशन? तू रात्री मोबाइलवर वाचत असतेस, मला दिसतं.

आई : वाचते. अमेरिकेत २०१९च्या जुलैपासून एकाच कानाने बहिऱ्या असलेल्या पाच वर्षांवरच्या मुलांनाही कॉक्लिअर इम्प्लांट बसवायला परवानगी आहे. पण त्यासाठी कानाची नस शाबूत लागते, ते एमआरआयमध्ये बघावं लागतं. आणि कान जितकी वर्षं मुका राहिला तितका फायदा कमी. खर्च लाखांत, तो आपला आपण करायचा. पुढच्या महिन्यात एमआरआय करून घेऊ आणि मग ठरवू. नाही म्हणायचं तर बघून नाही म्हणू. न बघता नाही म्हटलं तर ती मोठी झाल्यावर विचारेल.

बाबा : हे मान्य. एक मात्र माझं ऐक. उजवा कान सांभाळायचा. विसर्जनाला डीजेपाशी तिला उभं करायचं नाही. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा असते, वर्षातून एकदा आमचे कान तपासतात. त्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे पोरं तासन्‌तास नाचतात, त्यांचे कोण तपासतो? तिच्याकडे राखीव कान नाही. सर्दी उतरून कान दुखला तर घरगुती तेल घालायचं नाही, सरळ डॉक्टर. आणि दर वर्षी त्या कानाची तपासणी.

आई : म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे. फक्त सांगायचं नाहीये.

बाबा : मला ती दुबळी म्हणून ओळखली जायला नको आहे. बाकी काही नाही.

आई : मला ती बेपर्वा म्हणून ओळखली जायला नको आहे. ‘लक्ष देत नाही’, ‘भाव खाते’, ‘उलट बोलते’. आपण नाव दिलं नाही तर लोक गप्प बसत नाहीत, ते त्यांच्याकडचं नाव देतात. तुम्हीही त्या दिवशी बाजारात दिलंतच ना?

(हे उठले. सायकलच्या दिशेने हात वर करून त्यांनी लेकीला बोलावलं. हाक नुसती मारली नाही, हात वर केला. घरी जाताना ती ह्यांच्या डाव्या हाताला आली. ती नेहमी तिथेच चालते, आणि इतकी वर्षं ह्यांना वाटायचं की बापाची डावी बाजू तिला आवडते. त्या बाजूने तिचा उजवा कान बापाकडे येतो, हे त्यांच्या त्या संध्याकाळी लक्षात आलं असावं. कारण ते मध्येच थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चालू लागले.)

शाळा उघडायच्या आदल्या रात्री हे स्वतः चिठ्ठी लिहायला बसले. रेघांचा कागद, निळी शाई, कारखान्याच्या अहवालात लिहितात तसं उभं, स्वच्छ अक्षर. ‘आदरणीय वर्गशिक्षक यांस, आमच्या मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही.’ एवढं लिहून थांबले. पुढचं वाक्य सुचेना. लेक पुस्तकांना कव्हरं घालत शेजारी बसली होती. तिने मान वाकडी करून कागद वाचला.

“बाबा, असं नका लिहू.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, हरले मी. पोरीलाच नको आहे.

ती म्हणाली, “मला उजव्या कानाने ऐकू येतं, असं लिहा. नाहीतर बाईंना कळणार कसं, कुठे उभं राहायचं ते?”

ह्यांनी कागद फाडला नाही. त्या पहिल्या वाक्यावर एक रेघ मारली आणि खाली तिने सांगितलं तसं लिहिलं. मग पेन तिच्या हातात दिलं. बाक कुठला हवा, ते तिने स्वतः चौकोन काढून दाखवलं : भिंत, फळा, दार, आणि डाव्या भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर एक छोटी फुली.